अठरा वर्षांचा अबोला

गेल्या दसऱ्याला चार दिवसांची रजा काढून मी म्हैसूरला मामीकडे गेले होते. दसऱ्यातलं म्हैसूर म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नकोच. राजवाड्यावर दिव्यांची रोषणाई, रस्त्यांत पाय ठेवायला जागा नाही, हत्तींची तालीम पाहायला सकाळपासून कडेला उभी असलेली माणसं! पण माझ्या मामेभावाची चौदा वर्षांची लेक मात्र या सगळ्याकडे पाठ फिरवून आतल्या खोलीत बसली होती आणि फोनवर मैत्रिणीशी तावातावाने भांडत होती. कन्नड, इंग्रजी आणि मधूनच मराठी अशी तिची खिचडी भाषा. त्यातून मला एवढं कळलं,

“दार तीन इंच उघडं ठेव म्हणायचा त्याला काय अधिकार? तो काय तिचा खरा बाबा आहे?”

मी दचकलेच. कुणाच्या घरचं प्रकरण आहे हे? माझा चेहरा पाहून मामी हसली. म्हणाली, “अगं, घाबरू नको. ते टीव्हीतलं आहे.”

टीव्हीतलं म्हणजे ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या अमेरिकन मालिकेतलं. २०१६ साली नेटफ्लिक्सवर सुरू झालेली ही विज्ञानकथा. १९८०च्या दशकातलं एक लहानसं गाव, तिथल्या प्रयोगशाळेतून पळालेली, नुसत्या मनाच्या ताकदीने वस्तू हलवणारी एक मुलगी आणि दुसऱ्याच कुठल्या जगातून येणारे अक्राळविक्राळ प्राणी. या मुलीचं नाव इलेव्हन, म्हणजे चक्क ‘अकरा’. गावचा पोलीसप्रमुख हॉपर तिला आपली लेक म्हणून सांभाळतो. ती वयात येते, तिला मित्र भेटतो आणि हॉपर नियम घालतो की मित्र घरी आला की खोलीचं दार तीन इंच उघडं राहिलं पाहिजे.

आता गंमत पाहा. मालिकेत एवढे राक्षस, एवढे स्फोट. पण त्या दोघी मैत्रिणी अर्धा तास भांडत होत्या त्या या तीन इंचांवरून!

एके काळी मी हसले असते. पत्रकारितेची पदविका घेऊन या व्यवसायात आले, तेव्हा माझ्या वाट्याला पहिलं काम आलं ते वाचकांच्या पत्रांची छाननी करण्याचं. त्यातली कितीतरी पत्रं मालिकांवर असत. अमुक सुनेने माहेरी निघून जावं, तमुक सासऱ्याने आता तरी तोंड उघडावं, असा सल्ला देणारी. जणू ती माणसं शेजारच्या बिऱ्हाडातच राहतात! मी ती पत्रं बाजूला सारत असे. लोकांना काही कामधंदा नाही का, असंही मनात येई. तसं वाटण्याचा मला खरं तर काहीच हक्क नव्हता. कारण एका मालिकेतल्या बापलेकांवर रंगलेली चर्चा आमच्याच घरात काय करून गेली, ते मी बाराव्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं होतं. ती हकिगत आज तुम्हाला सांगते.

माझे मामा मूळचे मिरजेचे. नोकरीच्या निमित्ताने म्हैसूरला गेले आणि तिथलेच झाले. १९५० साली चेलुवांबा राजवाड्यात सुरू झालेली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था तुम्हाला ऐकून माहीत असेल. मामा तिथे शास्त्रज्ञ होते. लग्न त्यांनी तिथल्याच एका मुलीशी केलं. मामी अस्सल म्हैसूरची, कन्नड बोलणारी. आमच्या आजीला ते पचायला बराच काळ लागला. मामी मराठी शिकली, पुरणपोळी शिकली, पण पाहुणा दारात आला की तिच्या तोंडून पहिला प्रश्न आजही कन्नडच निघतो, “ऊटा आयता?” म्हणजे, जेवण झालं का?

त्यांचा एकुलता एक मुलगा म्हणजे माझा दादा. बापाशी मराठी, आईशी कन्नड. आमच्याकडे आला की ‘कानडी’ आणि तिथे शाळेत ‘मराठी’. त्याला स्वतःला नेमकं काय वाटे, हे कुणी विचारलं नाही.

१९८०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका दाखवत. आमच्या आधीच्या पिढीतल्या पुष्कळांना ती आठवत असेल. एंटरप्राइज नावाचं अंतराळयान, त्याचा रुबाबदार कप्तान कर्क, तापट डॉक्टर मॅकॉय आणि टोकदार कानांचा, कधीही न हसणारा स्पॉक. त्या वेळी दादा दहाएक वर्षांचा होता. दर रविवारी बापलेक आंघोळी उरकून टीव्हीसमोर हजर. समोरच्या घरातल्या अज्जी यायच्या. त्या हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. उच्चार कळले नाहीत की त्या अर्थ सांगायच्या. आणि मालिका संपली की इडली-चटणीबरोबर तासभर चर्चा!

म्हैसूरचं आकाशाशी नातं तसं जुनंच. नभोवाणीला ‘आकाशवाणी’ हे नाव पहिल्यांदा लाभलं ते याच गावी, १९३५ साली. महाराजा कॉलेजातले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी घरातूनच छोटंसं केंद्र चालवलं होतं, त्याचं ते नाव. आणि एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले, तेव्हा त्यांच्यासाठीचे भारतीय पदार्थ तयार झाले तेही म्हैसूरच्याच संरक्षण खात्याच्या अन्न संशोधन प्रयोगशाळेत. त्यामुळे एंटरप्राइजवरची मंडळी रंगीबेरंगी चौकोनी तुकडे खाताना दिसली की मामा गंभीरपणे म्हणत, “टिकाऊ दिसतात, पण खाण्याजोगे वाटत नाहीत.” दादा हसून लोळायचा.

मामीला यानाचं, किरणांच्या बंदुकांचं काही कौतुक नव्हतं. तिचं लक्ष माणसांकडे. स्पॉकचे वडील सारेक हे व्हल्कन ग्रहाचे. भावना आवरून केवळ तर्काने जगणारी ती जमात. आणि आई अमांडा मात्र पृथ्वीवरची, तुमच्याआमच्यासारखी. हे कळल्यापासून मामीचा एकच प्रश्न असे, “त्या अमांडाचं कसं होत असेल हो, त्या घरात?” मामा यावर टीव्हीचा आवाज वाढवत.

काही भाग मामांनी व्हिडिओ कॅसेटवर उतरवून ठेवले होते. दादा मोठा झाला, कॉलेजात गेला, तरी परीक्षा संपली की बापलेक त्या कॅसेट लावत. पुढे त्या कॅसेट कपाटात गेल्या त्या राहिल्याच. त्याचं कारण मात्र दुःखाचं होतं.

१९८९ साली म्हैसूरला ब. व. कारंथांच्या नेतृत्वाखाली ‘रंगायण’ ही नाट्यसंस्था सुरू झाली. तिथली नाटकं पाहून दादाला रंगभूमीचं वेड लागलं. आधी हौशी मंडळीत छोटी कामं, मग रात्र-रात्र तालमी. एम. एस्सी. झाल्यावर त्याने संशोधन करावं, ही मामांची इच्छा. इच्छा कसली, ते त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. १९९७ साली दादाने सांगितलं, “मी नाटकच करणार.” मामा म्हणाले, “नाटक रविवारी कर की.” शब्दाने शब्द वाढला. दादा बॅग भरून दोन गल्ल्या सोडून एका भाड्याच्या खोलीत राहायला गेला आणि त्या दिवसापासून घरात अबोला सुरू झाला.

वाचकहो, भांडण परवडतं, पण अबोला परवडत नाही. भांडणात निदान समोरच्याचा आवाज तरी कानावर पडतो. मामा ऑफिसला गेले की दादा जेवायला यायचा आणि ते परतायच्या आत निघून जायचा. “त्याला सांग, बँकेचं पत्र आलंय.” “त्यांना सांग, मिळालं.” सगळे निरोप मामीमार्फत. दोन भाषा जोडणारी मामी आता दोन गप्प माणसं जोडत होती.

मे १९९९. मी नेहमीप्रमाणे मिरजेहून रेल्वेने बेंगळुरू आणि तिथून गाडी बदलून म्हैसूरला सुट्टीला गेले होते. टीव्हीवर त्या सुमारास ‘कॅप्टन व्योम’ गाजत होतं, केतन मेहतांचं. आपल्या मिलिंद सोमणचं मला कोण वेड! मी दिवसभर त्याच्याच गोष्टी सांगे. एका संध्याकाळी मामा हसून म्हणाले, “तुला खरं अंतराळयान दाखवतो.” आणि त्यांनी कपाटातून कॅसेट काढली. समोरच्या अज्जीही आल्या. नेमका त्याच वेळी दादा दारात! ऑफिसला सुट्टी आहे, मामा घरी आहेत, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो परत फिरणार, तोच मामीने त्याच्या हाताला धरून त्याला माझ्याशेजारी सतरंजीवर बसवलं. मामा खुर्चीत, दादा खाली. दोघांची नजर समोर टीव्हीवर.

कॅसेटमध्ये निघाला ‘जर्नी टू बेबल’ हा भाग. १९६७ सालचा. लिहिणारी बाई होती, डोरोथी फोंटाना, पण नाव ‘डी. सी.’ असं छापलं जाई. त्यामुळे ही बाई आहे, हे पुष्कळांना कळत नसे. गोष्ट अशी. सारेक आणि अमांडा एंटरप्राइजवरून प्रवास करताहेत. मुलगा त्याच यानावर अधिकारी, पण बापलेक एकमेकांशी परक्यासारखे वागतात. का? तर वडिलांची इच्छा होती, मुलाने विज्ञान अकादमीत जावं. मुलगा गेला स्टारफ्लीटमध्ये, अंतराळदलात. त्याला अठरा वर्षं झाली. या अठरा वर्षांत वडील-मुलगा म्हणून दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत!

मी बारा वर्षांची होते, पण मलाही त्या खोलीतली हवा बदललेली कळली. मामांना हा भाग ठाऊक नव्हता का? कॅसेट त्यांनीच काढली होती. चुकून काढली की मुद्दाम, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

पुढे सारेकना हृदयविकाराचा झटका येतो. शस्त्रक्रिया करायची तर रक्त हवं आणि ते देऊ शकेल असा यानावर एकटा स्पॉक. पण त्याच वेळी कप्तान जखमी होतो, यानाची सूत्रं स्पॉककडे येतात, शत्रूचं यान मागावर असतं. स्पॉक म्हणतो, कर्तव्य सोडून मी येऊ शकत नाही. आई विनवते, रडते आणि अखेर मुलाच्या मुस्काटात मारते. शेवटी कप्तानच आपण बरे झाल्याचं सोंग करून त्याला मोकळं करतो. रक्त दिलं जातं, वडील वाचतात.

कॅसेट संपली. काही क्षण कुणीच बोललं नाही. मग सुरुवात केली अज्जींनी. “बापाचा जीव चाललाय आणि हा खुर्चीला चिकटून बसलाय! असला मुलगा काय करायचा?”

“चारशेवर माणसं आहेत यानावर,” मामा म्हणाले. बोलले ते अज्जींशी. “त्यांना वाऱ्यावर सोडून कसा जाईल? त्याचं बरोबर आहे. आणि त्याच्या बापालाही ते बरोबरच वाटलं असतं.”

दादा माझ्याकडे पाहून म्हणाला, “मग बापाला हे कळत होतं, तर अठरा वर्षांत एकदा सांगायला काय झालं होतं?”

मामा मामीला म्हणाले, “बापाने काय सांगायचं? पोरगा चार-चार वर्षं घरी फिरकत नाही.”

दादा मला म्हणाला, “घरी कुणासाठी यायचं? त्याच्या कामाबद्दल त्या घरात कुणी एक शब्द विचारत नाही.”

“विचारलं नाही म्हणजे कळत नाही, असं नव्हे,” मामा म्हणाले. “कोणत्या यानावर आहे, काय हुद्दा आहे, सगळं ठाऊक असतं बापाला.”

हे सगळं अजून स्पॉक आणि सारेक यांच्याबद्दलच चाललं होतं बरं का! मी एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होते. आपल्याकडे ‘लेकी बोले सुने लागे’ म्हणतात ना? त्या संध्याकाळी बाप स्पॉकला बोलत होता आणि ते लागत होतं मुलाला. मुलगा सारेकला बोलत होता आणि लागत होतं बापाला. आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

शेवटी मामी बोलली. “तुम्ही दोघंही त्या दोघांचंच बघता. ती एक थप्पड मारायला अमांडाला किती वर्षं लागली असतील, त्याचा विचार करा.” एवढं म्हणून तिने पदराने डोळे पुसले.

घरात चिडीचूप. बाहेर रस्त्यावरून फुलवाली ओरडत गेली, “मल्लिगे, मल्लिगे!” मामा उठले. चष्मा पुसला. दाराशी जाऊन पाठमोरे उभे राहिले आणि म्हणाले, “ऊटा आयता?”

दादाशी ते जन्मभर मराठीत बोलले होते. त्या दिवशी मामीची भाषा त्यांनी का घेतली, कोण जाणे. दोन वर्षांनंतरचा तो पहिला शब्द होता.

“इल्ला,” दादा म्हणाला. नाही.

मामी ताबडतोब स्वयंपाकघरात गेली. त्या रात्री बिसी बेळे भात होता. चार ताटं एका ओळीत मांडली होती. जेवताना कुणी फारसं बोललं नाही.

हिंदी सिनेमासारखं इथून पुढे सगळं गोड झालं, असं समजू नका. दादाचं नाटक पाहायला मामांनी आणखी तीन वर्षं घेतली. कलामंदिरात अगदी मागच्या रांगेत बसले आणि घरी आल्यावर एवढंच म्हणाले, “आवाज मागपर्यंत पोचतो.” दादाने हे वाक्य एखाद्या पदकासारखं जपून ठेवलंय. पण निरोपांची ये-जा त्या संध्याकाळपासून थांबली, हे मात्र खरं.

पुढे या व्यवसायात आल्यावर मी ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांविषयी वाचलं, तेव्हा कळलं की आमच्या त्या सतरंजीवर जे झालं, ते जगभर चाललंच होतं. मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. पुढच्याच वर्षी ‘स्पॉकेनेलिया’ हे चाहत्यांनी स्वतः काढलेलं पहिलं नियतकालिक आलं. ते काढण्यात पुढाकार बायकांचा होता आणि विषय यंत्रांपेक्षा स्पॉकचं मन, त्याचं घर, त्याची माणसं. मालिका बंद पडणार अशी कुणकुण लागली तेव्हा बियो ट्रिंबल आणि तिच्या नवऱ्याने पत्रमोहीम उभारली. इतकी पत्रं आली की मार्च १९६८ मध्ये एनबीसी वाहिनीला पडद्यावरूनच मालिका सुरू राहत असल्याचं जाहीर करावं लागलं. तरीही १९६९ साली, ७९ भागांनंतर ती संपली. पण माणसांची चर्चा संपली नाही. कर्क आणि स्पॉक यांची मैत्री नेमकी किती खोल, त्यात प्रेम आहे का, यावर चाहत्यांनी स्वतःच कथा लिहिल्या. १९९३ साली सुरू झालेल्या ‘एक्स-फाइल्स’च्या वेळी तर चाहत्यांत दोन तटच पडले. मल्डर आणि स्कली या दोन अधिकाऱ्यांनी एकत्र यावं म्हणणारे एका बाजूला, त्यांनी सहकारीच राहावं म्हणणारे दुसऱ्या. एकत्र यावं म्हणणाऱ्यांना ‘शिपर’ हे नाव तेव्हा पडलं. इंग्रजीत नात्याला रिलेशनशिप म्हणतात, त्यातलं शेपूट तेवढं घेतलं!

विज्ञानकथेतच हे इतकं का व्हावं? मला वाटतं, ती माणसं आपल्यापासून पुरेशी दूर असतात, म्हणून. शेजारच्या सुनेबद्दल बोललं तर शेजारीण दुखावते. स्वतःच्या बापाबद्दल बोललं तर घर पेटतं. पण टोकदार कानांच्या, परग्रहावरच्या बापाबद्दल कितीही कडू बोला, कुणाची अब्रू जात नाही. मग माणूस खरं बोलतो. फक्त एक काळजी घ्यायला हवी. परग्रहावरून कधीतरी खाली उतरून “जेवलास का?” एवढं तरी विचारता आलं पाहिजे. नाहीतर चर्चा रंगते आणि अबोला जागच्या जागी राहतो.

२७ फेब्रुवारी २०१५ रोजी स्पॉकची भूमिका करणारे लेनर्ड निमॉय गेले. दादा तेव्हा दौऱ्यावर होता. बातमी कळताच त्याने घरी फोन लावला. बापलेक अर्धा तास बोलले, असं मामी सांगते. विषय अर्थातच स्पॉक. त्यानंतर तीन वर्षांनी मामा गेले. कपाटात त्या कॅसेट अजून आहेत. त्या लावायला यंत्र मात्र कुठे मिळत नाही.

तर, त्या दसऱ्याच्या दिवशी लेकीचा फोन संपला. दादा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसला होता. म्हणजे, तसं दाखवत होता. अर्ध्या तासात त्याने पान काही उलटलं नव्हतं. लेक पाणी प्यायला बाहेर आली, तेव्हा तिचे डोळे लाल दिसले. मी विचारलं, काय झालं गं? तिने सांगितलं, मालिकेच्या तिसऱ्या पर्वाच्या शेवटी हॉपर मेला असं सगळ्यांना वाटतं आणि त्याने लिहिलेलं, पण कधीच बोलून न दाखवलेलं मनोगत इलेव्हनच्या हाती लागतं. “आत्या, एवढं सगळं मनात होतं, तर बोलला का नाही तो?”

मी दादाकडे पाहिलं. दादाने वर्तमानपत्राची घडी घातली.

ती आत गेल्यावर हळूच मला म्हणाला, “हल्ली ती माझ्याशी नीट बोलत नाही गं. तालमी, दौरे... मी घरी असतोच कुठे? काय बोलावं, तेच सुचत नाही.”

मी म्हटलं, “काही सुचायला नको. तिला विचार, तो तीन इंचांचा भाग मला दाखवशील का?”

तो थोडा वेळ बसून राहिला. मग उठला आणि आतल्या खोलीच्या दारावर टकटक केली. मी आणि मामी ओट्यापाशी शेंगा सोलत होतो. काही वेळाने आतून तिचा आवाज आला, “नाही बाबा, तुला कळलंच नाही! हॉपर असं का म्हणतो, ते आधी समजून घे...”

मामीने हातातली शेंग खाली ठेवली. “ऊटा उशिराच होणार आज,” ती म्हणाली आणि गॅस बारीक केला.